हा ताप कुठल्या गावचा?

नवी मुंबई : पावसाळा लागला की वाशी, नेरुळ, ऐरोलीच्या गल्ल्यांतून संध्याकाळी धुराची फेरी निघते. पोरं धुरामागे धावतात, आजीआजोबा खिडक्या लावून घेतात आणि सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फवारणीचा फोटो झळकतो. टोरांटोत किंवा दुबईत राहणाऱ्या मराठी वाचकाच्या आठवणीतली मलेरियाविरुद्धची लढाई बहुधा एवढीच असते.

या पट्ट्यात शहरी मलेरिया पसरवणाऱ्या अॅनोफिलिस स्टीफेन्सी डासाला मात्र गटाराकाठच्या धुराचं फारसं सोयरसुतक नाही. तो वाढतो स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात. झाकण नसलेली गच्चीवरची टाकी, बांधकामावर भरून ठेवलेले पिंप, लिफ्टच्या खड्ड्यात साचलेलं पाणी, या त्याच्या आवडत्या जागा. त्यामुळे महापालिकेचं जे काम खरोखर उपयोगी पडतं, ते फोटोत मावत नाही. कर्मचारी टाकीत डोकावतो, अळ्या आहेत का पाहतो, औषध टाकतो, कुठे गप्पी मासे सोडतो. किती घरांत धूर केला हा आकडा रोज संध्याकाळी तयार असतो. त्यानं ताप किती कमी झाला, याचं उत्तर मिळवायला बरीच जास्त यातायात करावी लागते.

ही यातायात भारताला नवी नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना मलेरिया होत असे आणि आठ लाख मरत, असा अंदाज होता. 1953 मध्ये नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि 1958 मध्ये त्याचं निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झालं. डीडीटीचा फवारा तर होताच, पण मलेरिया कर्मचारी ठरावीक दिवसांनी दारात येई, कुणाला ताप आहे का विचारी, बोट टोचून काचेवर रक्त घेई. 1965 पर्यंत रुग्ण एक लाखावर आले. मग डासांना डीडीटी पचू लागलं, पुरवठा आटला, घरभेटी ढिल्या पडल्या. 1976 साली आकडा 64 लाखांवर गेला. शहरांकडे आधी फारसं लक्ष नव्हतं, त्यांच्यासाठी वेगळी योजना 1971 मध्ये आली. म्हणजे सिडकोनं खाडीपलीकडे हे शहर वसवायला घेतलं, साधारण त्याच सुमारास.

सरकारी अहवाल वाचताना बहुतेक बातम्या एकाच ओळीवर थांबतात : रुग्ण घटले. जाणता वाचक आधी दुसरा रकाना बघतो, रक्तनमुने किती घेतले. शंभर लोकांमागे वर्षाला दहा नमुने, हा जुना दंडक. नमुनेच निम्मे घेतले तर रुग्णही घटलेले दिसतात, आणि त्यात एकही डास मेलेला नसतो.

दुसरी गळती खासगी दवाखान्यांतली. तापानं फणफणलेला माणूस नाक्यावरच्या डॉक्टरकडे जातो, रक्त न तपासताच मलेरियाच्या गोळ्या घेतो, बरा होतो. सरकारच्या लेखी त्याला ताप आलेलाच नसतो. 2023 साली देशात नोंदलेले रुग्ण 2 लाख 27 हजार होते. त्याच वर्षासाठी जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज सुमारे 20 लाखांचा. मृत्यूंची कथा आणखी वादग्रस्त आहे. 2010 मध्ये ‘लॅन्सेट’मधल्या एका अभ्यासात घरोघरी मृत्यूची लक्षणं विचारून वर्षाला दोन लाखांवर मृत्यूंचा अंदाज मांडला गेला, तेव्हा सरकारी नोंद हजाराच्या आसपास होती. दिल्लीला तो आकडा मान्य झाला नाही. अंदाज फुगलेला असू शकतो, पण नोंद अपुरी होती हे नाकारणं कठीण आहे. घट मात्र खरी आहे. 2015 मध्ये नोंदलेले रुग्ण 11 लाख 69 हजार होते.

महाराष्ट्रातल्या मलेरियाचा मोठा वाटा गेली अनेक वर्षं गडचिरोलीचा. भामरागड, एटापल्लीकडची गावं पावसात तुटतात. काचपट्टी प्रयोगशाळेत पोचून उत्तर येईपर्यंत रुग्ण हाताबाहेर जाऊ शकतो. म्हणून आशा कार्यकर्तीच्या हातात झटपट तपासणीचा किट आला. मच्छरदाण्याही वाटल्या जातात, पण किती वाटल्या हे गोदामाचं रजिस्टर सांगतं. नीट पाहणी करणारा घरात शिरून वेगळंच विचारतो : काल रात्री मच्छरदाणीत कोण कोण झोपलं होतं? ओडिशानं 2017 पासून दुर्गम गावांत ताप नसलेल्यांचंही रक्त तपासलं. धडधाकट दिसणाऱ्यांच्या अंगातही जंतू सापडले आणि त्यांनाही औषध दिलं गेलं. अशा मोहिमेत रुग्णसंख्या आधी वाढते. ती वाढ कामाची पावती आहे हे वरच्या साहेबांना पटवणं, हेही कामच.

नवी मुंबईचा पेच निराळा. तुर्भे, दिघ्याच्या दगडखाणी, ऑक्टोबर 2025 मध्ये उद्घाटन झालेला विमानतळ, उलव्यापासून पुढे उगवणारे टॉवर, हे सगळं परगावच्या मजुरांच्या जिवावर उभं राहिलं. व्हायवॅक्स जातीचा मलेरिया यकृतात दडून बसतो आणि महिन्यांनी उलटतो. तो मुळासकट काढायला प्रायमाक्विन 14 दिवस घ्यावं लागतं. ताप तिसऱ्या दिवशी उतरतो, मजूर पाचव्या दिवशी दुसऱ्या साइटवर गेलेला असतो, मोबाइल बंद. चीननं एक-तीन-सात असा शिरस्ता घातला : एका दिवसात नोंद, तीन दिवसांत चौकशी, सात दिवसांत त्या जागी उपाय. 2021 मध्ये तो देश मलेरियामुक्त ठरला. इथे तिसऱ्या दिवशी चौकशीला गेलेल्याला पत्र्याची खोली सापडते, माणूस सापडेलच असं नाही.

त्या माणसाला डास चावला कुठे? झारखंडात, की इथल्याच स्लॅबवर? अर्जावर ‘बाहेरून आलेला’ लिहिलं तर शहराचा हिशेब स्वच्छ राहतो, ‘स्थानिक’ लिहिलं तर आजूबाजूच्या प्रत्येक टाकीत डोकावायला माणसं पाठवावी लागतात. भारतानं 2027 पर्यंत स्थानिक रुग्ण शून्यावर आणण्याचं ठरवलं आहे आणि जागतिक संघटनेचं प्रमाणपत्र सलग तीन वर्षं शून्य टिकल्यावरच मिळतं. तोवर हा एक रकाना वॉर्डातला कर्मचारी काय विचारून भरतो, यावर बरंच काही ठरेल.