शेवटची शुगर कधी तपासली होती?

दाढ काढायची ठरली की खुर्चीत बसल्यावर एक प्रश्न हमखास येतो: "शुगर आहे का?" गिरगावातल्या एखाद्या चाळीच्या तळमजल्यावरचा जुना दवाखाना असो की दादर स्टेशनजवळचा नवा, प्रश्न तोच. बहुतेकांचे उत्तर असते, "नाही." या उत्तरात दोन वेगळी माणसे दडलेली असतात. एकाने मागच्या वर्षी रक्त तपासले आहे आणि ते ठीक आले आहे. दुसऱ्याने आयुष्यात कधी शुगर तपासलेलीच नाही. दंतवैद्याच्या केसपेपरवर मात्र दोघांपुढेही 'नाही' असेच लिहिले जाते.

मुंबईत हा दुसरा माणूस दुर्मिळ नाही. महापालिकेने २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने १८ ते ६९ वयाच्या मुंबईकरांची पाहणी केली. त्यात सुमारे १८ टक्के लोकांची उपाशीपोटीची साखर मधुमेहाच्या पातळीवर आढळली. जगभरात मधुमेह असलेल्या दर दहा प्रौढांपैकी चारांहून अधिकांना आपल्याला तो आहे हेच ठाऊक नसते, असा आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाचा अंदाज आहे. साखर वाढली तरी दुखत काहीच नाही, त्यामुळे तिच्यासाठी कोणी सुट्टी टाकून डॉक्टरकडे जात नाही. दात मात्र ठणकला की रात्र काढणे मुश्कील होते, आणि परळ-लालबागचा जो माणूस वर्षानुवर्षे कुठल्या डॉक्टरची पायरी चढलेला नसतो, तोही गाल धरून दंतवैद्याकडे येतो. त्या भेटीत त्याची साखरही पाहिली जावी, असे मला मनापासून वाटते. त्याला भक्कम शास्त्रीय आधार आहे.

हिरडी आणि दात यांच्यामध्ये एक बारीक खाच असते. तिथे जिवाणूंचा थर साचतो, त्याचे कीटण होते, हिरडी सुजते आणि खाच खोल होत जाते. आपण ज्याला सरसकट पायोरिया म्हणतो, तो हाच आजार. रक्तातली साखर सतत वाढलेली असली की ती प्रथिनांना चिकटते आणि त्यातून तयार होणारी संयुगे पेशींना चिथावत राहतात. पांढऱ्या पेशी जंतू मारण्यात कमी पडतात, पण दाह मात्र वाढवतात. हिरडीतले कोलॅजन लवकर तुटते आणि उशिरा भरून येते. दाताला धरून ठेवणारे हाड झिजते. म्हणून साखर आटोक्यात नसलेल्या माणसाला हा आजार होण्याचा धोका साधारण तिप्पट असतो. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील पिमा जमातीत मधुमेहाचे प्रमाण फार मोठे आहे. तिथल्या दीर्घ अभ्यासांचा आधार घेऊन हॅराल्ड लोए या दंतशास्त्रज्ञाने १९९३ मध्ये हिरड्यांच्या या आजाराला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटले. डोळे, मूत्रपिंड, नसा, मोठ्या रक्तवाहिन्या आणि न भरणाऱ्या जखमा यांच्या पंगतीत हिरड्या येऊन बसल्या.

निरीक्षण म्हणून हे आपल्याकडे फार जुने आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात प्रमेहाची पूर्वलक्षणे दिली आहेत. त्यांत टाळू, घसा, जीभ आणि दात यांवर मळ साचणे हेही एक आहे. त्या काळी कारण ठाऊक नव्हते, पण रोग पुरता प्रकट होण्याआधी तोंडात काहीतरी बदलते, हे वैद्यांच्या नजरेने टिपले होते.

वाट उलट्या दिशेनेही जाते. मध्यम ते तीव्र आजार असलेल्या तोंडात या सगळ्या खाचांचे सुजलेले अस्तर एकत्र मोजले तर ते ८ ते २० चौरस सेंटिमीटर भरते, असा एक अंदाज आहे. एवढी उघडी, चिघळलेली जागा हातावर असती तर घरच्यांनी त्याच दिवशी दवाखाना गाठला असता. तोंडात ती वर्षानुवर्षे राहते आणि तिथून दाहाची रसायने रक्तात उतरत राहतात. त्यांच्यामुळे इन्सुलिनचा परिणाम कमी होतो आणि साखर आणखी चढते.

मग हिरड्यांवर उपचार केले तर साखर उतरते का? यावर संशोधकांत खरा वाद झाला. २०१३ मध्ये अमेरिकेत ५१४ रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीत सहा महिन्यांनंतर काहीच फरक दिसला नाही. पण कॉक्रेन या संस्थेने २०२२ मध्ये ३५ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा 'तीन महिन्यांची शुगर', म्हणजे एचबीए१सी, तीन-चार महिन्यांनी सरासरी ०.४३ अंकाने कमी झालेली आढळली. याने गोळी बंद होणार नाही आणि कोणी तसे करूही नये. तरी खोलवर दात साफ करून एवढा फायदा मिळत असेल तर तो सोडून देण्यासारखा नाही.

हे सगळे दंतवैद्यांना ठाऊक आहे. कॉलेजात ते शिकवले जाते. प्रश्न तपासणी त्यांनी करावी का, हा आहे, आणि त्यावर त्यांचे म्हणणे ऐकण्यासारखे आहे. अमेरिकेत १,९४५ दंतवैद्यांची मते घेतलेली एक पाहणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. दंतवैद्याने मधुमेहाची चाळणी करणे महत्त्वाचे आहे, असे सुमारे ७७ टक्क्यांना वाटत होते. पण बोटाला सुई टोचून रक्त घ्यायला सुमारे ५६ टक्केच तयार होते. लाळ किंवा तोंडातला द्रव घ्यायचा असेल तर मात्र सुमारे ८८ टक्के तयार. म्हणजे तत्त्वाला विरोध नाही, पण बोट टोचताना आपण आपल्या हद्दीबाहेर जात आहोत, ही धाकधूक आहे.

मुंबईत या धाकधुकीला व्यवहाराची जोड मिळते. एक खुर्ची, संध्याकाळची गर्दी, बाहेर बाकावर चौघे ताटकळत बसलेले. आलेल्या माणसाला फक्त दुखणे थांबवून हवे असते. त्यात शुगर तपासू म्हटले की "बिल वाढवायला बघतायत" ही शंका चेहऱ्यावर उमटते. साखर जास्त निघालीच तर त्याला सांगायचे कसे, पाठवायचे कोणाकडे, आणि तो गेला की नाही हे कळणार कसे? या अडचणी खऱ्या आहेत. त्यांना आळस म्हणणे अन्यायाचे होईल.

पण सगळ्यांचे बोट टोचण्याची गरजच नाही. आधी नजर पुरते. वयाच्या मानाने फार हललेले दात, पुन्हा पुन्हा होणारे हिरड्यांचे गळू, कोरडे तोंड, जिभेवर बुरशीचे पांढरे डाग, दात काढल्यावर न भरणारी जखम. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने २०११ मध्ये असाच प्रयोग प्रसिद्ध केला. वजन, रक्तदाब किंवा घरात मधुमेह असे एखादे कारण आधीच असलेल्या लोकांत फक्त दोन गोष्टी पाहिल्या: किती दात गेले आहेत आणि किती ठिकाणी खाचा खोल आहेत. तेवढ्यावरून मधुमेह किंवा त्याच्या उंबरठ्यावर असलेल्यांपैकी ७३ टक्के ओळखता आले. बोटातल्या थेंबावर एचबीए१सी केल्यावर हे प्रमाण ९२ टक्क्यांवर गेले. इथे आपल्याकडची एक पुस्ती जोडायला हवी. विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, त्यामुळे रक्त नाही म्हणजे हिरडी ठणठणीत, असे त्याच्या बाबतीत म्हणता येत नाही.

नजरेनंतर प्रश्न. चेन्नईच्या संशोधकांनी २००५ मध्ये भारतीयांसाठी जोखमीची एक सोपी गुणपट्टी तयार केली. वय, कमरेचा घेर, शारीरिक हालचाल आणि आई-वडिलांचा मधुमेह, एवढेच विचारायचे. १०० पैकी ६० किंवा त्याहून जास्त गुण आले तर धोका मोठा. हे काम बाहेर बसलेल्या रुग्णाकडून मदतनीससुद्धा करून घेऊ शकते, फक्त एक मोजपट्टी लागते.

यानंतर उरतील त्यांच्यासाठी ग्लुकोमीटर. हिरडी तपासताना जे रक्त येतेच, त्याचाच थेंब पट्टीवर घ्यावा, असाही प्रयोग बऱ्याच ठिकाणी झाला आहे. मला तो फारसा पटत नाही. त्या थेंबात लाळ आणि पू मिसळतो आणि आकडा भरवशाचा राहत नाही. बोटाचा थेंब बरा, आणि तोही फक्त इशारा म्हणून. निदान प्रयोगशाळेच्या रक्तावर आणि फिजिशियननेच करायचे. एचबीए१सीलाही आपल्याकडे मर्यादा आहेत. लोहाची कमतरता असलेल्या बाईचा आकडा खोटा चढलेला दिसू शकतो, थॅलेसेमियाचा वाहक असलेल्याचाही फसवू शकतो.

सगळ्यात नाजूक जागा आहे ती चिठ्ठीची. मुंबईची दोन सरकारी दंतमहाविद्यालये या बाबतीत नशीबवान आहेत. महापालिकेचे नायर दंतमहाविद्यालय नायर रुग्णालयाला लागून आहे आणि शासकीय दंतमहाविद्यालय सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात. दात दाखवायला आलेला माणूस त्याच फेरीत चालत मेडिसिनच्या ओपीडीत जाऊ शकतो. लालबागच्या एकट्या दंतवैद्याला ही सोय नाही, पण त्याच्या वॉर्डात महापालिकेचा दवाखाना असतो आणि तिशीपुढच्यांची साखर तपासणे हे सरकारी कार्यक्रमातलेच काम आहे. त्याच कार्यक्रमात तोंडाच्या कर्करोगासाठी तोंड उघडून पाहिले जाते. तोंड आणि साखर एकाच कार्यक्रमात आधीच आली आहेत; तोंड पाहताना हिरडीवर नजर टाकायला वेगळी योजना लागत नाही.

चिठ्ठी परतही यायला हवी. मधुमेहाच्या रुग्णाला डोळे आणि पाय दाखवून घ्या म्हणून सांगितले जाते, पण हिरड्या दाखवल्या का, हे क्वचितच विचारले जाते. खोल सफाईनंतर दंतवैद्याला साधारण दोन-तीन महिन्यांनी हिरडी पुन्हा मोजायची असते, आणि नव्याने मधुमेह निघालेल्याची एचबीए१सीही तीन महिन्यांनीच पाहतात. या दोन तारखा एकाच आठवड्यात घ्याव्यात आणि प्रयोगशाळेचा कागद दंतवैद्यालाही दाखवावा.