करवंदात खरंच इतके लोह असते? जाणून घ्या काळ्या मैनेचे गुण आणि गैरसमज

मंचर : एप्रिल-मे महिन्यांत मंचरहून घोडेगाव, डिंभेमार्गे भीमाशंकरकडे निघाले की रस्त्याच्या कडेला पानांच्या द्रोणांत करवंदे दिसू लागतात. जुन्नरच्या नाणेघाट परिसरातही हेच चित्र असते. ‘डोंगरची काळी मैना’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या रानमेव्याबद्दल ‘करवंदे खा, रक्त वाढेल’ असेही हमखास सांगितले जाते. यात तथ्य किती?

आकडा आहे, पण वाळलेल्या फळाचा

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यांत १०० ग्रॅम करवंदांत सुमारे ३९ मिलिग्रॅम लोह दिले आहे. मात्र ही नोंद वाळलेल्या करवंदांची आहे. ताज्या करवंदाच्या वजनात ८० ते ९० टक्के पाणीच असते. त्यामुळे द्रोणभर ताज्या करवंदांना हा आकडा लावता येत नाही. प्रौढ स्त्रीला रोज सुमारे २९ मिलिग्रॅम लोह लागते. ते केवळ करवंदांतून मिळणे शक्य नाही.

ही गल्लत साधी नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के महिलांना रक्तक्षय आहे. रक्त कमी असताना फळांवर विसंबून डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या बंद करणे धोक्याचे ठरते. गरोदर महिलांना या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात.

मग फायदा काय?

करवंदाचे खरे बळ त्याच्या आंबटपणात आहे. बाजरी, मटकी, पालेभाज्या यांतील लोह शरीर सहज शोषून घेत नाही. सोबत क जीवनसत्त्व आणि आंबट पदार्थ असले की शोषण सुधारते. म्हणून बाजरीच्या भाकरीबरोबर कच्च्या करवंदाची चटणी हा आपला जुना बेत आरोग्याच्या दृष्टीनेही योग्य आहे. क जीवनसत्त्व उष्णतेने कमी होते, त्यामुळे चटणी न शिजवता केलेली बरी. जेवणानंतर लगेच चहा घेतला तर मात्र लोहाचे शोषण घटते.

कच्चे, गदरलेले, पिकलेले

* चटणी : हिरवी करवंदे, मिरची, लसूण, जिरे, मीठ आणि चवीपुरता गूळ एकत्र वाटावा.
* लोणचे : करवंदे चिरून बिया काढाव्यात. कैरीच्या फोडींसोबतही छान लागते. रक्तदाब असणाऱ्यांनी मिठामुळे बेताने खावे.
* जेली, मुरंबा : पूर्ण न पिकलेल्या फळांत पेक्टिन जास्त असल्याने जेली चांगली घट्ट होते. साखर भरपूर लागते, हे मधुमेहींनी लक्षात ठेवावे.
* सरबत : पिकलेली करवंदे कुस्करून, गाळून, गूळ व काळे मीठ घालावे.

कच्च्या फळातून पांढरा चीक निघतो. चिरण्यापूर्वी हाताला तेल लावावे आणि फळे मिठाच्या पाण्यात धुवावीत. पिकलेल्या फळांचा ‘कोंबडा की कोंबडी’ हा खेळ मुलांच्या ओळखीचा आहे. फळ आतून लाल निघाले तर कोंबडा, पांढरट निघाले तर कोंबडी.

केकवरची ‘चेरी’ही करवंदच

बेकरीतल्या केकवर किंवा मसाला पानात दिसणारी लालभडक ‘चेरी’ अनेकदा करवंदच असते. बी काढून, रंग देऊन ते साखरेच्या पाकात मुरवलेले असते. चव गोड असली तरी त्यात मुख्यतः साखरच उरते. पोषणासाठी तिच्यावर भिस्त ठेवू नये.

दोन-तीन दिवसांचे फळ

पिकलेली करवंदे दोन-तीन दिवसांत मऊ पडतात. काटेरी जाळीत हात घालून, उन्हात वेचलेला माल त्यामुळे मिळेल त्या भावाला विकावा लागतो. लोणचे किंवा जेली केली तर तोच माल कित्येक महिने टिकतो. शेतकऱ्यांसाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण बोल्ड’ ही मोठ्या फळांची जात दिली आहे. कमी पाण्यावर तग धरणारे हे झुडूप बांधावर काटेरी कुंपण म्हणूनही उपयोगी पडते.

पहिला पाऊस पडला की करवंदांची गोडी उतरते आणि फळांत अळ्याही दिसू लागतात. चटणी, लोणच्यासाठी हिरवी फळे त्याआधीच, मार्च-एप्रिलमध्ये घ्यावीत. तेव्हा ती ताजी आणि भरपूर मिळतात.