करजगावचा ख्रिस्तभक्त

नाताळच्या मंगल प्रसंगी रत्नागिरी जिल्ह्याने आवर्जून स्मरावा असा सुपुत्र म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८६१ साली करजगावी चित्पावन कुळात जन्मलेल्या या कवीने १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि आप्तेष्टांत आकांत झाला. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे दूरच राहिल्या. परतल्या त्याही आपले सोवळे घेऊनच! टिळकांनी सक्ती केली नाही. १९०० साली त्यांनी आपल्याच मनाने बाप्तिस्मा घेतला. टिळकांचे ख्रिस्तीपण या धीरात जितके दिसते तितके त्यांच्या प्रवचनांतही नसेल, असे आम्हांस वाटते.

धर्म बदलला, तरी तुकोबांवरील प्रेम आणि भजन-कीर्तनाची आवड सुटली नाही. त्यांची मराठी भजने चर्चमधून आजही गायिली जातात. नगरच्या त्यांच्या घरी बालकवी ठोंबरे यांना मायेचा आसरा लाभला.

१९१९ मध्ये टिळक निवर्तले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. ते ओवीबद्ध काव्य लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या माउलीने ‘स्मृतिचित्रे’ही लिहिली. त्यांत पतीची भलावण नाही. त्यांचा तापटपणा, लहरीपणा आणि अपार औदार्य सारेच आहे.