सम धरणारी पावलं : झाडीपट्टीच्या लयीचा आढावा

भाऊबीज झाली की झाडीपट्टीतल्या गोंदिया जिल्ह्यात मंडयांचे, म्हणजे गावजत्रांचे, वेध लागतात. शिवारात धानाची कापणी चाललेली असते आणि गावागावांत दंडार, खडी गंमत ही लोकनाट्यं आणि नाटक रंगतं. भजन, शाहिरी आणि गोंडी रेला गाणी इतक्या जवळजवळ ऐकायला मिळतात, की लय-तालाचा विचार करायला याहून योग्य मुलूख नाही.

पायाने धरता येतो तो ठोका म्हणजे मात्रा. दोन मात्रांमधल्या सारख्या अंतरातून लय ठरते. ती विलंबित, मध्य किंवा द्रुत असते. मात्रांच्या ठरलेल्या आवर्तनाला ताल म्हणतात आणि आवर्तन जिथे परत येतं ती पहिली मात्रा म्हणजे सम. केरवा ८ मात्रांचा, दादरा ६, रूपक ७, तीनताल १६. मात्र आकडे पाठ असले तरी सम अंगात भिनल्याशिवाय ताल कळत नाही.

दंडारीत हे डोळ्यांना दिसतं. ढोलकीवाला रंगात येऊन दुगुन करतो, एका मात्रेत दोन-दोन बोल भरतो. तरी नाचणाऱ्यांचं पाऊल ढळत नाही. त्यांनी धरलेली असते खालची मूळ मात्रा. खडी गंमतीत शाहिराची ओळ संपते, मागे साथ करणारे झीलकरी सूर ओढून धरतात, आणि डफाची थाप समेवर पडली की पुढचं कडवं उचललं जातं.

छंदाचा हिशेब निराळा. तो शब्दांचा असतो. मोठ्या अभंगाच्या चार चरणांत अक्षरांची वाटणी ६, ६, ६, ४ अशी. भजनी ठेका मात्र ८ मात्रांचा. सहा अक्षरं आठ मात्रांत कशी बसावीत? दोन अक्षरं दुप्पट लांबवली की हिशेब जुळतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरीवर वाढलेल्या विदर्भातल्या भजनी मंडळींना हे कुणी शिकवावं लागत नाही.

हीच समज घेऊन जगाचं संगीत ऐकावं. सहा मात्रा तीन-तीन मोजल्या तर दादरा. दोन-दोन मोजल्या तर वजनच बदलतं. एका हाताने दोन आणि दुसऱ्याने त्याच वेळात तीन ठोके देऊन पाहा. पश्चिम आफ्रिकेच्या ढोलवादनाचं मर्म या ओढाताणीत आहे. युरोपातला वॉल्ट्झ तीन ठोक्यांचा, पण जोर पहिल्यावर. रॉकमध्ये चारांपैकी दुसरा आणि चौथा ठोका चढा वाजतो. मात्रा सारख्या असल्या तरी वजन कुठे पडतं, यावर प्रत्येक शैलीचा चेहरा ठरतो.

झाडीपट्टीच्या ढोलकीचे आणि डफाचे बोल आजवर प्रामुख्याने हातातून हातात आले आहेत. महाविद्यालयांनी आणि गावच्या मंडळांनी ते वादकांच्या नावानिशी ध्वनिमुद्रित करावेत, मात्रा-खंडांसह लिहून काढावेत. या मंडईच्या हंगामापासूनच हे काम सुरू व्हायला हवं.