सासनकाठीचा बांबू आणि सायकलची सीट

चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर ‘चांगभलं’च्या गजरात सासनकाठ्या नाचतात. एवढा उंच बांबू वाऱ्यात वाकतो, डोलतो. पण मोडत नाही. तोच बांबू बुरूड मात्र कोयत्याने सहज उभा चिरतो. बांबूचे चिवट धागे लांबीच्या दिशेने असतात. त्या दिशेला बळ मोठे, आडवे बळ थोडे. कार्बन फायबर या आधुनिक पदार्थाचे मर्मही हेच होय.

पॉलिअ‍ॅक्रिलोनायट्राइल या कृत्रिम धाग्याला हवेवाचून 1000 अंश सेल्सिअसहून अधिक तापविले की कार्बनचा धागा उरतो. त्याची जाडी 5 ते 7 मायक्रॉन, म्हणजे केसाच्या दहाव्या हिश्श्याइतकी. आणि वजन तेवढ्याच आकाराच्या पोलादाच्या चौथाईहून कमी. 1963 मध्ये इंग्लंडातील फार्नबरो येथे विमानांसाठी त्यावर संशोधन झाले. पुढे तो सायकलीतही आला. कोल्हापूरहून जोतिबाचा घाट सायकलने चढणाऱ्यास हलकेपणाचे मोल निराळे सांगावयास नको.

या धाग्याच्या कापडाची सीट घरीही घडविता येते. खरी मेहनत कार्बनवर नव्हे, साच्यावर पडते. आपल्या अंगवळणी पडलेली जुनी सीट घेऊन तिचे आवरण काढावे, प्लास्टर ऑफ पॅरिसने आकार पुरा करावा, पॉलिश पेपरने घासून रंगाचा हात द्यावा. या नमुन्यावर मेण चोळून काचतंतू व पॉलिएस्टर रेझिनचे थर चढविले की साचा तयार. उद्यमनगरातील फाउंड्रीत वाळूतून फर्मा अलगद निघावा म्हणून त्याच्या बाजूंना किंचित उतार देतात, येथेही तसेच. सीटच्या कडा आत वळत असतील, तर साचा दोन भागांत करावा. मोदकाच्या साच्याला तूप लावतो, तसे प्रत्येक वेळी साच्याला मेण लावावे.

मग इपॉक्सी रेझिन व हार्डनर डब्यावरील प्रमाणानुसार तोलून कालवावे आणि त्यात भिजविलेले कापडाचे पाच-सहा थर साच्यात बसवावेत. बांबूचा धडा येथे कामी येतो: काही थर सरळ, काही 45 अंशांत तिरपे, म्हणजे कोणत्याही बाजूने चिरण्याची भीती उरत नाही. वर प्लॅस्टिकची पिशवी चिकटवून पंपाने हवा ओढली की दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ एक किलोचा दाब पडतो व जादा रेझिन निथळते. जुन्या फ्रीजचा कॉम्प्रेसरही हे काम करतो. सीट पुरती सुकल्यावर कडा कापताना पाणी मारावे, नाकाला मास्क व हातांत मोजे असावेत. ती बारीक धूळ फुप्फुसांना घातक असते.

खालच्या पोलादी सळ्या जुन्या सीटच्याच वापराव्यात. त्या जेथे टेकतात तेथे थर वाढवावेत, कारण सारा भार तेथेच येतो.

एक गोष्ट मात्र विसरू नये. पोलाद आधी वाकून इशारा देते. कार्बन एकाएकी तुटतो. घाटाच्या उतारावर सीट तुटणे म्हणजे जिवाशी गाठ. म्हणून नाण्याने ठोकून पाहावे: टणटणीत आवाज चांगला, बद्द आवाज आला तर आतील थर सुटले आहेत असे समजावे. अशी सीट कितीही देखणी असो, ती भिंतीवर टांगावी, सायकलवर चढवू नये. जी पास होईल, तीही आधी सपाट रस्त्यावर पुष्कळ दिवस चालवावी. जोतिबाचा घाट मागाहून.