टायची गाठ आणि ओ-रिंग

सॉफ्ट स्किल्स म्हटलं की आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजात टाय, फाडफाड इंग्रजी आणि कॅम्पस मुलाखत एवढंच डोळ्यांसमोर येतं. श्रोतेहो, गोष्ट त्याहून गंभीर आहे.

२७ जानेवारी १९८६ची रात्र. दुसऱ्या दिवशी ‘चॅलेंजर’ यान उडणार होतं. रॉकेटच्या सांध्यातली रबरी ओ-रिंग थंडीत कडक होते, मग सांधा नीट बंद होत नाही. म्हणून ५३ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे १२ अंश सेल्सिअसच्या खाली उड्डाण नको, असं मॉर्टन थायोकोल कंपनीच्या इंजिनिअरांनी नासाला फोनवरच्या बैठकीत सांगितलं. रॉजर बॉइजोली त्यांच्यापैकी एक. तक्ते मात्र घाईत जुळवलेले होते. थंडी आणि बिघाड यांचं नातं एका नजरेत दिसेल असा आलेख त्यांत नव्हता. नासाच्या अधिकाऱ्यांनी नाराजी दाखवताच कंपनीच्या व्यवस्थापनानं सल्ला फिरवला. उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यानाचे तुकडे झाले. सातही अंतराळवीर गेले.

इंजिनिअर बोलले होते. कमी पडले ते मुख्यतः ऐकणारे, असं माझं मत. आणि उद्या आकडेमोड संगणकानं केली, तरी ‘हे धोक्याचं आहे’ हे पटवणं आणि ऐकून घेणं माणसांकडेच राहणार.

हे वेगळ्या तासाला शिकवून येत नाही. प्रॅक्टिकलमध्येच शिकवावं. जर्नल उतरवून काढण्याऐवजी मेकॅनिकलच्या मुलानं आपला निष्कर्ष कॉम्प्युटरच्या मुलीला सांगावा, अगदी मराठीतसुद्धा. तिनं तो स्वतःच्या शब्दांत परत सांगावा, एक शंका काढावी. टर्मवर्कचे गुण दोघांनाही द्यावेत.