रुपयांची वाढ आणि मोलाची वाढ

'महाग' हा शब्द संस्कृत 'महार्घ' या शब्दापासून आला. अर्घ म्हणजे मोल. अर्थशास्त्राच्या पुस्तकांनी 'चलनवाढ' हा शब्द रूढ केला. तथापि गुंतवणुकीचा विचार करताना मला जुना शब्दच अधिक नेमका वाटतो. रुपये किती झाले यापेक्षा त्यांचे मोल किती उरले, हाच येथे प्रश्न आहे. भविष्यनिर्वाह निधीची रक्कम लहान कंपन्यांच्या निर्देशांकावर आधारलेल्या फंडात ठेवावी काय, असे माझे समवयस्क हल्ली विचारतात, म्हणून हे विवेचन.

येथील 'लहान' हे विशेषण काहीसे फसवे आहे. सेबीच्या २०१७ मधील व्याख्येनुसार बाजारमूल्याच्या क्रमवारीत २५१ व्या क्रमांकापासून पुढच्या साऱ्या कंपन्या लहान ठरतात. त्यांतील कित्येकींचे मूल्य हजारो कोटींचे असते.

जानेवारी २००८ मध्ये मुंबई शेअर बाजाराचा स्मॉलकॅप निर्देशांक १४,००० च्या आसपास होता. मार्च २००९ मध्ये तो ३,००० च्या खाली आला आणि पुन्हा १४,००० गाठावयास मार्च २०१७ उजाडला. आकडा जेथल्या तेथे आला, म्हणजे नुकसान झाले नाही, असे कोणी म्हणेल. परंतु त्याच अवधीत औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक १३४ वरून २७५ वर गेला होता. जिन्नस दुपटीहून महाग झाले. गुंतवणूकदाराचे भांडवल मोलाने निम्म्याहून कमी उरले. या निर्देशांकात लाभांश धरलेला नसतो हे खरे, पण तो मिळवूनही एवढी तूट भरून निघत नाही. सुमारे आठ टक्क्यांच्या साध्या मुदत ठेवीने, प्राप्तिकर सोडल्यास, जवळजवळ महागाईची बरोबरी केली असती.

आता मार्च २००९ मध्ये शिरलेला गुंतवणूकदार पाहा. महागाई त्यालाही चुकली नाही; किंमत निर्देशांक १४८ वरून २७५ झाला. तरी २०१७ पर्यंत त्याचे भांडवल मोलाने अडीच पटींहून अधिक झाले. महागाईचा वरवंटा दोघांवरही फिरला, परंतु एकाने चढ्या भावात खरेदी केली होती, दुसऱ्याने पडत्या भावात. फंडांच्या जाहिराती या भेदाविषयी सहसा मौन पाळतात.

लहान कंपनीला महागाई अधिक झोंबते, यालाही कारण आहे. बेळगावच्या उद्यमबागेतील एखादी फाउंड्री डोळ्यांसमोर आणावी. भंगार, कोक, वीज महागली, तरी मोठा गिऱ्हाईक कारखाना भाव सहजी वाढवून देत नाही. शिवाय तोच माल विकत घ्यावयास खेळते भांडवल जास्त लागते, आणि ते बँकेकडून आणावे लागते. मार्च २०१० ते ऑक्टोबर २०११ या काळात महागाई आवरण्यासाठी रिझर्व्ह बँकेने रेपो दर तेरा वेळा वाढवून ४.७५ टक्क्यांवरून ८.५ टक्क्यांवर नेला. अशा वेळी नफ्याचा घास व्याजच खाऊन टाकते.

हिशेब करताना बारा टक्के परताव्यातून सहा टक्के महागाई सरळ वजा करू नये, भागाकार करावा. वीस वर्षांत बारा टक्क्यांनी एक लाखाचे सुमारे ९ लाख ६५ हजार होतात, पण मोलाने ते तीन लाखच. महागाई आठ टक्के असल्यास दोन लाखांहून थोडे अधिक. आणि शेअरांवरील दीर्घकालीन नफ्याचा कर, जो जुलै २०२४ पासून सवलतीच्या मर्यादेपलीकडे १२.५ टक्के आहे, तो मात्र रुपयांतील पूर्ण वाढीवर आकारला जातो. तीतली महागाई त्यातून वजा होत नाही.